नाक्यावर उघडलेला काचांचा डबा

रेवदंड्याच्या धक्क्याला तर (खाडी ओलांडून माणसं आणि सामान नेणारी मोठी होडी) लागली होती, तिचा तांडेल निघायची घाई करत होता आणि मी जकात नाक्यावर उभा राहून माझ्या कॅमेऱ्याचं वय सांगत होतो.

"विकायला नेताय?" नाक्यावरच्या कारकुनांनी विचारलं.

"नाही, फोटो काढायला."

"कुणाचे?"

"समोर येईल त्याचे."

हे उत्तर त्यांना पसंत पडलं नाही. गृहस्थ तसे सभ्य होते. काळी टोपी, कपाळाला गंध, टेबलावर झाकून ठेवलेला पाण्याचा तांब्या. त्यांनी कॅमेऱ्याची पेटी चारी बाजूंनी पाहिली, तिचं झिजलेलं कातडं नखाने खरवडलं आणि एका चिठ्ठीवर लिहिलं, 'जुना कॅमेरा एक, खासगी.' "येताना ही दाखवा, म्हणजे याला कुणी हात लावणार नाही," असं सांगून त्यांनी मला सोडलं. मी धावत जाऊन तरीत उडी मारली तेव्हा तिचा दोर सोडून झाला होता.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीच्या या काठाला इंग्रजी अंमल आणि पलीकडच्या काठाला नबाबाचं संस्थान. चौलला माझी थोरली बहीण दिलेली आहे. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. तिच्या वाडीत उभं राहिलं की पोफळींच्या फटीतून पलीकडच्या डोंगराची कड दिसते. तिकडेही पोफळी याच, माड हेच, माणसांची बोलीही जवळजवळ हीच. आजवर आक्काच्या गावचे लोक लग्नाला, जत्रेला, बैल बघायला खाडीपार जात आणि संध्याकाळी परत येत. आता मात्र नवे नियम झाले होते, आणि पलीकडून येणारी प्रत्येक परदेशी वस्तू परमुलखातून आली असं धरून तिची झडती सुरू झाली होती.

मी मुंबईच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे. पान खात नाही, विडी ओढत नाही, नाटकाला फुकट पास मिळाला तरच जातो. एकच व्यसन, फोटो काढायचं. त्यासाठी कॅमेऱ्यात काचा घालाव्या लागतात. काचेच्या एका बाजूला मसाला लावलेला असतो. त्यावर डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळ उजेड पडला की चित्र उमटतं, पण ते दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात काच धुतली की मगच दिसतं. तोवर तिला उजेडाचा वाराही लागता कामा नये. लागला की सगळं पुसलं जातं. हे आताच नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे माझा जो संताप होणार आहे तो याच्यावाचून कळायचा नाही.

या काचा आपल्याकडे होत नाहीत. झाल्या असत्या तर मी त्याच घेतल्या असत्या. माझी टोपी खादीची, धोतर खादीचं, मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा मीही घरी आणलेल्या चिमूटभर काळपट मिठाची आमटी कौतुकाने खाल्ली होती. पण खादी विणणाऱ्याला काच विणता येत नाही. ती जर्मनीहून यायची. मग सरकारने एके दिवशी शौकाच्या वस्तूंची यादी काढली आणि त्यांच्यावरची जकात वाढवली. त्या यादीत अत्तरं, रेशीम, फिडल, घड्याळं आणि फोटोच्या काचा एकाच पंगतीला बसवल्या. यादी करणाऱ्याने बहुधा जन्मात कुणाचा फोटो जपून ठेवला नसावा. मुंबईला कोटातल्या (फोर्टमधल्या) माझ्या नेहमीच्या दुकानदाराने काचांचा नवा भाव सांगितला तेव्हा मला वाटलं तो दुकानच विकतोय. "शूं करिये, मास्तर?" तो म्हणाला. "भाव सरकारने वाढवला, शिव्या आम्ही खातो." मी थेट जर्मनीला लिहून टपालाने पार्सल मागवलं, तर पोस्टात काचांच्या किमतीवर जकात लागलीच, वर ते पार्सल इथवर आलं त्या भाड्यावरही लागली. म्हणजे पार्सल घरी आलं हाही शौकच.

अशा वेळी मला उस्मानभाई आठवले. ते मुरुडचे, परदेशी जाणाऱ्या एका आगबोटीवर भंडारी (बोटीवरचा स्वयंपाकी) होते. आमची ओळख आदल्या सुट्टीत रेवदंड्याला येणाऱ्या बोटीवर झाली. मी मांडीवर काचांचा कॅटलॉग घेऊन सुस्कारे टाकत होतो. ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, आमची बोट त्याच मुलखाला जाते. एक डबा आणायला माझ्या बापाचं काय जातं?" या खेपेला मी सुट्टीत आक्काकडे असताना त्यांचा निरोप आला, की डबा आणला आहे, मुंबईच्या गोदीत त्याची जकात भरून पावती घेतली आहे, आणि परत बोटीवर हजर व्हायच्या आत मुरुडला येऊन घेऊन जा. म्हणून मी निघालो होतो.

साळावला उतरलो आणि गोमा नावाच्या गाडीवानाचा छकडा ठरवला. रस्ता कोर्लईच्या टेकडीला वळसा घालून समुद्राच्या कडेने जातो. टेकडीवर फिरंग्यांचा पडका किल्ला, खाली त्यांच्याच वेळची ख्रिस्ती वस्ती. तिथले लोक आपसात अजून एक जुनी फिरंगी बोली बोलतात. मी कान देऊन ऐकलं, पण 'चावी' एवढा एकच शब्द ओळखीचा निघाला. पुढे काशीदची वाळू लागली. डोळ्यांना टोचेल इतकी पांढरी, आणि तिच्यावर एक माणूस नाही. फोटो काढायला माझे हात शिवशिवले, पण जवळ काच नव्हती. रिकामा कॅमेरा घेऊन सुंदर मुलखातून जाणं हा काय छळ आहे ते सरकारला कळावं अशी माझी फार इच्छा आहे.

गोमाला मी सगळी हकीकत सांगितली. तो बराच वेळ बैलांशीच बोलत होता. मग म्हणाला, "आमच्या मेव्हण्यानं पल्याडून बायकूला कचकड्याच्या बांगड्या आनल्या. नाक्यावर इचारलं, कंच्या देशाच्या? त्येला काय ठावं! बोलला, बाजाराच्या. तर ठेवून घेतल्या."

"मग?"

"मग काय? बायकू अजून बोलत न्हाय त्येच्याशी. नाक्यावाल्याशी कोन भांडनार? घरच्याशी भांडाया सोपं."

नांदगावच्या आगरात थांबून शहाळी प्यायलो. उन्हं उतरायच्या सुमाराला मुरुडच्या माडांची दाट रांग दिसायला लागली आणि वाऱ्याबरोबर कोळीवाड्यातल्या वाळत्या बोंबलांचा वास आला.

उस्मानभाईंचं घर बाजारामागच्या गल्लीत, पुढे सारवलेलं अंगण, मागे विहीर. ते आणि त्यांच्या आई एवढीच माणसं. आईंना ते अम्मा म्हणत, मग मीही अम्माच म्हणू लागलो. अम्मा बुटक्या, ताठ आणि बोलायला फटकळ. मी दारात पाऊल टाकलं तशा म्हणाल्या, "ह्येच व्हय ते काचवाले? बारीक हायती की. उस्मान, आधी खायाला घाल त्यांना."

डबा उस्मानभाईंनी आपल्या अंथरुणाच्या वळकटीत लुंगीत गुंडाळून ठेवला होता. "लाल समुद्रात उकाड्यानं माणसं पागळली, मास्तर. पण तुमची अमानत मी खाली थंडाव्याला ठेवली." त्यांनी डबा आणि जकातीची पावती माझ्या हातात दिली. खर्च झाला तेवढा घेतला, वर एक पैसा घेईनात. मी फारच आग्रह केला तेव्हा अम्मा आत गेल्याची खात्री करून म्हणाले, "मला एक चीज पायजे. अम्माची तसवीर."

मी म्हटलं, यात मागायचं काय?

"तसं न्हाय," ते म्हणाले. "बाबा गेले तवा मी दर्यावर होतो. खबर लागली ती दोन बंदरं गेल्यावर. त्यांची तसवीर न्हाय. आता रातीला त्यांचा चेहरा आठवाया बसलो, तर त्यांची टोपी आठवते, दाढी आठवते. चेहरा येतच न्हाय. अम्माचं तसं व्हायला नको."

मी शब्द दिला. उस्मानभाई दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या आगबोटीने निघणार होते, पण त्यांची मोठी बोट सुटायला अवकाश होता. माझी औषधं चौलला आक्काकडे होती. मी परत जाऊन काच धुणार, फोटो छापणार आणि मुंबईला गेलो की गोदीत त्यांच्या हातात देणार असं ठरलं.

रात्री अम्मांनी सांदण (तांदळाच्या पिठाचा आंबवून उकडलेला मऊ गोड पदार्थ) नारळाच्या दुधाबरोबर वाढलं. मी पोटभर खाल्लं. ते आंबवायला माडी घालतात हे खाऊन झाल्यावर कळलं. हे प्रवासवर्णन आक्का वाचणार आहे, तरी लिहून टाकतो. सांदण फार सुरेख होतं.

स्वयंपाकघराच्या झरोक्याला घोंगडी लावून, माझ्या तांबड्या दिव्याच्या उजेडात मी डबा फोडला आणि कॅमेऱ्याच्या चौकटींत काचा भरल्या. सकाळी अम्मा अंगणात पाटावर बसल्या. अंगावर लेकाने एडनहून आणलेली रेशमी ओढणी. आधी त्यांनी फासावर जाणाऱ्यासारखा चेहरा केला. उस्मानभाई माझ्या मागे उभे राहून बोटीवरच्या कप्तानाची नक्कल करू लागले. अम्मांनी पुष्कळ दाबून धरलं आणि शेवटी त्या खळखळून हसल्या, नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं. आयुष्यात असा फोटो क्वचित साधतो. साधला हे काढणाऱ्याच्या हातालाच कळतं.

मग मी दिवसभर मुरुड पालथं घातलं. खोल पाण्यात उभा असलेला पद्मदुर्ग, जाळी विणणारे कोळी, बाजारातला सुपारीचा ढीग. काचा संपल्या की अम्मांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, फोटो काढलेल्या काचा काळ्या कागदात बांधून परत डब्यात ठेवायच्या आणि कोऱ्या काचा चौकटींत भरायच्या. दुपारी उस्मानभाई आगबोटीने गेले. जाताना त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आली होती तवा तुमची अमानत होती. आता माझी."

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो.

रेवदंड्याच्या नाक्यावर तेच गृहस्थ होते. चिठ्ठी दाखवताच कॅमेऱ्याला त्यांनी खरोखरच हात लावला नाही. मग डबा दिसला. मी मुंबईची पावती पुढे केली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "ही तिकडची झाली. माल त्यानंतर हद्दीबाहेर संस्थानात गेला. आता परत आला, म्हणजे नवा आला."

"अहो, मीही हद्दीबाहेर जाऊन परत आलो. मी नवा आलो का?"

"माणसांना जकात नाही," ते म्हणाले. या उत्तरात त्यांना काही विनोद वाटला नाही.

बरं, म्हटलं, दोनदा भरतो. चोरापेक्षा हे बरे, पावती तरी देतात. मी खिशात हात घातला, तर त्यांनी डबा आपल्याकडे ओढला. आकारणी नगावर होती, नग मोजायला हवेत. डब्यावर लिहिलं होतं, पण जर्मन भाषेत. मी सांगितलं, उघडू नका. आत फोटो काढलेल्या काचा आहेत. उजेड लागला की संपलं. हवं तर दुप्पट नग लावा. आणि इथेच माझं चुकलं. ज्या डब्याचे दुप्पट पैसे देऊन माणूस तो उघडू देत नाही, त्या डब्यात काय असेल असं कुठल्याही कारकुनाला वाटणार? त्यांनी दोन शिपायांना हाक मारली.

"यात एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो आहे हो!" मी ओरडलो. "त्यांचा मुलगा बोटीवर आहे. त्याला द्यायचा आहे."

एका शिपायाने माझा दंड धरला. कारकुनांनी टेबल ओसरीवर उन्हात ओढलं. काळा कागद असा हलक्या हाताने सोडवला, की प्रसादाचा पुडा सोडवावा. फाडला नाही, घडी करून बाजूला ठेवला. एकेक काच उचलून त्यांनी सूर्यापुढे धरली. तिच्यावर फुंकर मारली. उपरण्याने पुसली. हे सगळं कशासाठी, तर काच तडकलेली असेल तर जकातीत सूट मिळते आणि मी उगाच जादा भरू नये! त्यांच्या मनात माझ्याविषयी काडीचाही वाईट भाव नव्हता. असता तर मी त्यांना कधीतरी माफ केलं असतं.

"यात कुठे आहे कुणाची आई?" शेवटची काच खाली ठेवत ते म्हणाले. "सगळ्या कोऱ्या आहेत. उगाच खोटं कशाला बोलायचं, मास्तर? टोपी तरी खादीची आहे."

मी काय बोललो ते छापता येणार नाही. त्यांनी सगळ्या काचांची जकात घेतली. कोऱ्या, साबूत, उत्तम स्थितीतल्या म्हणून घेतली. पावती दिली, डबा होता तसा बांधून दिला. आणि वर म्हणतात, "एकदा आमचाही एक फोटो काढा की."

चौलपर्यंतचा रस्ता मी कसा चाललो ते आठवत नाही. दोन्ही बाजूंच्या वाड्यांत रहाट करकरत होते, पाटांतून पाणी खळखळत होतं, एरवी मी दर वळणावर थांबलो असतो. आक्काने मला ओटीवर पाहिलं आणि तिला वाटलं कुणी गेलं की काय. सगळं ऐकून ती म्हणाली, "शिंचा मेला! आणि तू तरी त्या विलायती काचांच्या मागे कशाला लागतोस रे? पेन्सिलीने काढ की चित्रं."

"पेन्सिलीने अम्मा हसल्या नसत्या," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू फुटलं. संतापाचं रडू होतं ते. शब्द मी दिला होता, अमानत माझ्या हातून गेली होती आणि जाब विचारावा तर समोर माणूस नव्हता, नियम होता.

आक्काने पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "कॅमेऱ्यात काही उरलंय का?"

मी टुणकन उठलो. कॅमेऱ्याच्या चौकटींत मुरुडहून निघताना भरलेल्या कोऱ्या काचा होत्या! जुना, खासगी, हात न लावलेला कॅमेरा. सरकारने स्वतःच्या चिठ्ठीनेच त्या वाचवल्या होत्या. मी औषधांच्या बाटल्या आणि थाळ्या पिशवीत भरल्या आणि सकाळच्या पहिल्या तरीला हजर झालो. या वेळी काच मुरुडलाच धुवायची, असा निश्चय केला होता.

"बाटल्यांत काय?" कारकुनांनी विचारलं.

"औषध."

"आजारी कोण?"

"मी," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

अम्मा अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला परत आलेला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. काच, ऊन, फुंकर, उपरणं.

"माजी तसवीर हाय म्हणून त्येला सांगितलं न्हाय तुमी?"

"सांगितलं."

"मग?"

"तो म्हणाला, काचेवर काही दिसत नाही, म्हणजे काही नाही."

अम्मा उठून उभ्या राहिल्या. "दिसत न्हाय म्हंजी न्हायच व्हय? उस्मान दर्यावर गेला, मला दिसत न्हाय. म्हंजी तो बी न्हायच? काय पुसलं त्यानं? काच पुसली? त्याच्या आईची तसवीर हाय का त्याच्या घरात? इचारा त्येला. माझ्या वतीनं इचारा!"

मी तिकाटण्यावर कॅमेरा चढवला होताच. त्यांना बसा म्हणालो नाही. रेशमी ओढणी घाला म्हणालो नाही. घरातल्या साध्या ओढणीत, एक हात कमरेवर, एक माझ्याकडे रोखलेला, अशा त्या उभ्या होत्या आणि मी बटण दाबलं. दुसरी काच खबरदारी म्हणून काढायला गेलो तर म्हणाल्या, "आता बास. पाखडायचं पडलंय."

स्वयंपाकघरात घोंगडी लावून मी काच औषधात घातली. अम्मा दाराला पाठ लावून बाहेर बसल्या, कुणी उघडू नये म्हणून. विहिरीचं पाणी थंडगार होतं. धुऊन झालेली काच मी उजेडात आणली. आता उजेड तिचं काही वाकडं करू शकत नव्हता. धुतलेल्या काचेत सगळं उलटं असतं. गोरं काळं दिसतं, काळं पांढरं. अम्मांनी ती डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, "सैतान दिसते मी. बरं हाय. त्या नाक्यावाल्याला हीच दाखवा."

खरोखरच तीच दाखवली. रेवदंड्याला तर लागली, मी नाक्याची पायरी चढलो आणि कुणी मागायच्या आत काच टेबलावर ठेवली. कारकुनांनी ती सवयीने सूर्यापुढे धरली. बराच वेळ पाहिली. काळा चेहरा, पांढरे डोळे, आणि रोखलेलं बोट.

"हे काय?"

"त्या बाई," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्हाला दिसल्या नव्हत्या त्या."

त्यांनी काच उलटीसुलटी केली. नियमांचं पुस्तक उघडलं. कोऱ्या काचेला जकात होती, तिचे नग होते. छापील चित्राला होती. पण ही कोरी नव्हती आणि चित्रही झाली नव्हती. यातलं कुठलंच कलम लागू होईना. त्यांचा चेहरा खरंच कष्टी झाला. "आमच्या बायकोने हिला पाहिलं तर ताप येईल तिला," असं काहीसं पुटपुटत त्यांनी लेखणी उचलली आणि लिहिलं, 'वापरलेली काच, एक. किंमत काही नाही.'

माझ्या तोंडात काय काय आलं! ज्या काचांवर कुणीच नव्हतं त्यांची किंमत दोनदा घेतली, आणि जिच्यावर एक जिवंत माणूस उभं होतं तिची किंमत काही नाही? अम्मांनी त्यांच्या आईविषयी विचारायला सांगितलेलं मला आठवत होतं. पण मी विचारलं असतं तर त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं असतं. मी दात आवळले, काच उचलली, कागदात गुंडाळली आणि नमस्कार करून पायरी उतरलो. त्या एका नमस्काराची लाज मला अजून वाटते, आणि मी पुन्हा त्या जागी असतो तरी तोच केला असता.

आक्काच्या माजघरात मी फोटो छापला. तिने तो हातात घेऊन पाहिला आणि एवढंच म्हणाली, "बाई करारी आहे हो." मग स्वतःच्या कपाटातला जाड पुठ्ठा काढून दिला, फोटो दुमडू नये म्हणून.

मुंबईला पोचलो त्याच संध्याकाळी गोदीत गेलो. उस्मानभाई जिन्यावरून खाली आले, हातावर पीठ तसंच. मी त्यांना सगळी हकीकत सांगून माफी मागायचं ठरवलं होतं. तो हसरा फोटो कसा होता, कसा गेला, हे कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत आलो होतो. त्यांनी हात लुंगीला पुसले, पुठ्ठा उघडला आणि ते पाहतच राहिले.

"अम्मा रागावलीय," ते म्हणाले.

"हो. तुमच्यावर नाही. नाक्यावर."

मी त्यांना नाक्याची गोष्ट सांगितली. मधेच त्यांनी मला थांबवलं.

"हसरी तसवीर गेली त्याचं वाईट वाटू देऊ नका, मास्तर. ती तर मी नक्कल केली म्हणून हसली. मी निघतो तवा ती दारात अशीच उभी असते. असाच हात करून ओरडते, टोपी घातलीस का, पैसं बांधलंस का, पोचलास की खत-चिठ्ठी टाक म्हणून. दर्यावर मला हीच आठवते." ते पुन्हा खाली पाहू लागले. "हसरी आनली असती तर मी म्हटलं असतं, मास्तर दुसऱ्याच कुणाची आई घेऊन आले."

बोटीचा भोंगा झाला. त्यांनी फोटो सदऱ्याच्या आत, छातीशी सरकवला आणि जिना चढायला लागले. वरून कुणीतरी शिपाई ओरडला, बोटीवर नवीन काही नेत असाल तर दाखवा.

उस्मानभाई थांबले. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि अम्मांनी रोखलं होतं अगदी तसंच बोट त्याच्यावर रोखून म्हणाले, "नवीन काय न्हाय. आई हाय."